कंबर साडेतीस

८ जानेवारी

आज शेवटी टेप काढला. पाच महिने कपाटात गुंडाळून ठेवला होता, हात लावायचा धीर होत नव्हता. छाती सदतीस, सीट चाळीस, कंबर साडेचौतीस. परत मोजली. परत साडेचौतीस. टेपला काय, लाज ना शरम.

कागदावरची माझी कंबर एकोणतीस आहे. कागदावरची म्हणजे कारखान्याच्या. आमच्याकडे बायकांच्या पँटी आणि शर्ट शिवतात, आणि त्यातला मीडियम म्हणजे मी. गेली नऊ वर्षं मी लाकडी ठोकळ्यावर उभी राहते, कटिंग मास्तर माझ्या अंगावर कोरा मांजरपाट लावून टाचण्या मारतात, आणि तो नीट बसला की त्यावरून हजारो कपडे कापले जातात. माझ्या मापाचा एक पुतळाही आहे, मी नसले की तो उभा राहतो. कारखान्यात मला नावाने कोणी हाकच मारत नाही. "ए मीडियम, चहा झाला का?" रस्त्यात पुढे चाललेल्या बाईची पँट बघून मला कळतं, ही माझी कंबर. गर्व म्हणा हवं तर. आयुष्यात एवढा एकच गर्व करायला मिळालाय.

एक मार्चला रजा संपते. निघताना मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळ दाखवायला आण, पोट मात्र घरी ठेवून ये." सगळे हसले. मीही हसले.

लेक पाच महिन्यांची झाली. दवाखान्यातून दुपट्यात बांधून आणली तेव्हापासून तिला आम्ही गठुडं म्हणतो. गठुडं बाहेर आलं, हे पोटाला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. अंथरुणातून उठताना तर मधोमध उभा वरंबा येतो, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत. भयंकर दिसतो. पाठही दुखते, पण पाठ कोणाची दुखत नाही?

१२ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. यांना मी मनात हसरे डॉक्टर असं नाव दिलंय, कारण माणूस बोलतानाही हसतो आणि ऐकतानाही. भिंतभर फोटो. डावीकडे पोट, उजवीकडे तेच पोट, पण शहाणं झालेलं.

लायपोसक्शन म्हणाले. चार बारीक छिद्रं, नळीने चरबी ओढून घ्यायची, वरून पट्टा. तीन आठवड्यांत कामावर. संगणकावर माझा फोटो घेऊन त्यांनी बाजू आत ढकलल्या आणि क्षणभर मला मीच भेटले.

"कंबर एकोणतीस होईल?"

"जवळपास जाऊ की आपण."

वरंब्याचं विचारलं. "चरबी गेली की तोही दिसणार नाही हो." फक्त गठुड्याचं अंगावरचं पाजणं आधी बंद करावं लागेल, असं म्हणाले. तेही हसतच. त्यांनी मला उभीच तपासली, दोन बोटांत पोट चिमटीत धरून. त्यात माझं काही बिघडलं नाही. उभं राहण्यात माझा हात कोण धरेल!

१५ जानेवारी

मास्तरांचा फोन. मास्तर फोन करत नाहीत. वर्षाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस, तीही तोंडात टाचण्या धरून.

"मीडियम, मापं दे."

"कसली?"

"तुझी. आत्ताची. कपडे परत येताहेत ढिगाने. सगळे कंबरेतच अडतात. पुतळ्याला काय, पोरं होत नाहीत."

कळलं मला, कुठे चाललंय ते. रजा संपायच्या आत माझा हिशेब घ्यायचा, आणि मी ढळलेली दिसले की दुसरी कोणीतरी ठोकळ्यावर चढवायची. पुतळ्याचा टोमणाही मला कळला.

टेप समोरच होता, तरी मी म्हटलं, "कंबर साडेतीस." एकोणतीस सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. थोडं वाढलंय असं दिसलं पाहिजे. या धंद्यात नऊ वर्षं काढलीत, कुठे किती ढील द्यायची तेवढं कळतं.

पलीकडे मास्तरांची पेन्सिल कागदावर खरखरली. मग म्हणाले, "बसल्यावर?"

बसल्यावरचं माप नऊ वर्षांत कोणी विचारलेलं नाही. "एकतीस," मी ठोकून दिलं.

"एकदा येतेस? जशी आहेस तशी ये. मी घेतो."

म्हटलं, बाळ लहान आहे.

२१ जानेवारी

नवरा चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "हे बरं की मगाचं बरं?" विचारत असतो. तो म्हणाला, चष्म्यालासुद्धा लोक दोन दुकानं फिरतात, तू पोटासाठी एकाच डॉक्टरवर काय थांबतेस? म्हणून आज दुसरीकडे गेले. डॉक्टरबाई. हसण्याचं नाव नाही, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

आडवी व्हा म्हणाल्या. "आता फक्त डोकं उचला." वरंबा आला. त्यात त्यांनी बोटं घातली. अक्षरशः आत घातली, आणि ती गेली.

"चार," त्या नर्सला म्हणाल्या.

"चार काय?"

"चार बोटांची फट आहे. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला झाले, ते परत जवळ आलेच नाहीत. मध्ये नुसता पातळ पडदा आहे. चरबी तुम्हाला फारशी नाहीच. ती ओढून काय मिळणार?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. आधी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे सहा महिने जायचं. फट राहिलीच तर टमी टक: या कुशीपासून त्या कुशीपर्यंत छेद, आत स्नायू शिवायचे, जास्तीची कातडी काढायची. पण बाळ वर्षाचं होऊन अंगावरचं सुटल्यावरच, आणि दुसरं मूल हवं असेल तर ते झाल्यावर. मग सहा आठवडे भरलेल्या पातेल्याहून जड काही उचलायचं नाही. म्हणजे गठुडंही नाही.

"आणि तुमची पाठ यामुळेच दुखते," असंही म्हणाल्या.

मी कंबर विचारायला गेले, ही बाई मला पाठ सांगते. एक मार्चचं म्हटलं तर म्हणाल्या, "तुमचं पोट तारीख बघून जुळत नाही." नाकाला मिरच्या झोंबल्या. चिठ्ठीवर व्यायामवाल्या बाईंचा नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी पर्समध्ये आहे कुठेतरी.

२४ जानेवारी

नवऱ्यासमोर दोन्ही पत्रकं ठेवली. छिद्रं आणि छेद. त्याने चष्मा वर करून एक पाहिलं, मग दुसरं पाहिलं, आणि सवयीने मलाच विचारलं, "तुला कुठलं बरं वाटतं?"

"तू सांग ना!"

"तुला पटेल ते कर. मला तू आहेस तशीच आवडतेस."

हे वाक्य तो फोनकडे बघत म्हणाला. मी म्हटलं, मी कशी आहे ते शेवटचं कधी पाहिलंस? तर म्हणे, तू दिवाच लावू देत नाहीस. खरं आहे ते. त्याने आणखीच चिडले. रागाने पत्रकं फाडली, मग चिकटपट्टी लावून परत जोडली.

निर्णय माझा, असं सगळे म्हणतात. म्हणजे कोणीच माझ्याबरोबर नाही, एवढाच मला त्याचा अर्थ कळतो.

२८ जानेवारी

मालकीणबाईंचा फोन. आवाजात साखर.

"अगं, मास्तरांनी तुझी नवी मापं पुतळ्यावर चढवली. कापूस बांधून, हुबेहूब. त्यावर आपण नवा मीडियम काढतोय. चारशे पँटी कापायला घेतल्या. मास्तर कुरकुरतायत, म्हणे तिला प्रत्यक्ष उभी करू दे. मी म्हटलं, वेळ कुठाय? एक मार्चला दुकानदार येणार आहेत. तू घालून उभी राहायचंस."

माझी नवी मापं म्हणजे साडेतीस.

पहिला विचार आला, आत्ता सांगावं. तोंडापर्यंत आलंही. पण त्या म्हणाल्या, "कंबर बघितली मी वहीत. साडेतीस! जपलंस हं स्वतःला." त्यानंतर मला कसं सांगता येईल? फोन ठेवल्यावर कॅलेंडरसमोर उभी राहिले. सात फेब्रुवारीला केलं तर तीन आठवडे अठ्ठावीसला होतात. एक दिवस हातात राहतो. छेदाचं तर या गणितात बसतच नाही.

हसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोनवर बसणाऱ्या बाईंनी सात तारीख लगेच दिली. मी ठरवलं असं म्हणायला हरकत नाही. खरं तर कॅलेंडरनेच ठरवलं, मी फक्त हो म्हटलं.

३१ जानेवारी

वरचं दूध सुरू करून तिसरा दिवस. बाटली तोंडाला लावली की गठुडं जीभ बाहेर ढकलतं आणि माझ्या कुर्त्याकडे बघतं. बोलता येत नाही, पण बघणं असं, की मी तिचं काही चोरलंय. दूध दाटून छातीचे दगड झालेत. सासूबाई तिला दुसऱ्या खोलीत नेऊन पाजतात, कारण माझा वास आला की ती बाटली घेत नाही. दारापलीकडे ती रडते आणि इथे माझा कुर्ता भिजतो. आज तिने बाटली संपवली. सगळ्यांना आनंद झाला. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

३ फेब्रुवारी

सासूबाई रोज स्वतःच्या पोटाला रुंद पट्टा बांधतात. पाठीसाठी, असं त्या म्हणतात आणि आम्ही मानतो. आज दुपारी गठुडं झोपल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर पट्टा सोडला. बेंबीपाशी मुठीएवढा फुगा. त्यांनी तळव्याने तो आत दाबला, सोडला, परत बाहेर.

"तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर धाकटी झाली, तेव्हापासून आहे. आधी असाच उठताना वरंबा यायचा, तुझ्यासारखा. मग फट वाढली. खोकले तरी हात लावून खोकते मी. अगं, दिसण्याचं सोड. तू त्या दुसऱ्या बाईंकडे परत जा."

सव्वीस वर्षं! त्या बोलत होत्या आणि मला एकच दिसत होतं, की थांबले तर माझंही असं होणार. बरं झालं तारीख घेतली. मी त्यांना तसं म्हटलंही, "आई, म्हणूनच तर करून घेतेय." त्यांनी पट्टा बांधायला घेतला.

७ फेब्रुवारी

सकाळी उभी करून डॉक्टरांनी जांभळ्या पेनाने अंगावर गोल काढले. मी इतकी स्थिर उभी राहिले की ते नर्सला म्हणाले, "अशी पेशंट रोज मिळो." मला छान वाटलं.

संध्याकाळ. सगळं अंग बडवून काढल्यासारखं. पेन धरवत नाही, पुरे.

१५ फेब्रुवारी

पोट जांभळं, हिरवं, पिवळं. पट्टा इतका घट्ट की पोटभर श्वास घेता येत नाही. आता घरात पट्टेवाल्या दोघी झाल्या, असं नवरा म्हणाला. कोणी हसलं नाही.

गठुड्याला मांडीवर घेतलं. तिने सवयीने छातीकडे तोंड नेलं, क्षणभर थांबली आणि मान वळवून बाटली शोधू लागली.

२२ फेब्रुवारी

तपासणी. पट्टा काढला, टेप मी घरूनच नेला होता. पस्तीस! गेले होते तेव्हाच्यापेक्षा अर्धा इंच जास्त.

"सूज आहे हो. उतरेल तीन महिन्यांत."

"तीन महिने? तुम्ही तीन आठवडे म्हणाला होतात!"

"कामावर जायला तीन आठवडे. आकार दिसायला तीन महिने. कागदात लिहिलंय की." ते हसत होते. कागदात खरंच लिहिलंय. सही माझीच आहे.

उद्यापासून रात्रीचं जेवण बंद. पाणीही कमी पिऊन बघते. आठ दिवसांत साडेचार इंच. आता लिहिताना मलाच हसू येतंय, पण दुसरं करू काय?

१ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

नवी पँट राखाडी रंगाची होती. फिटिंगच्या खोलीत मालकीणबाई, मास्तर आणि मी. मांडीपर्यंत चढली, सीटवर बसली, आणि बटण काज्यापासून चार बोटं लांब थांबलं. मी श्वास ओढला. दुखण्याने डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मालकीणबाईंनी शिलाईवरच्या दोघींना बोलावलं, दोघी लेकुरवाळ्या. त्यांनाही बटण लागेना. एकीने बसून पाहिलं तर काजाच फाटला.

"मास्तर, हा काय प्रकार आहे?" मालकीणबाई कडाडल्या. "बाळंत झालेल्या बायकांना आपला मीडियम होत नाही, त्या परत करतात, म्हणून तुम्हीच म्हणालात ना, आपल्याच बाईला बाळ झालंय, तिच्या अंगावरून नवा मीडियम काढू? मग हे काय काढलंत? जुन्यालाच दीड इंच ढील?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना माझी साडेचौतीसच हवी होती. बसल्यावरची, वरंब्यासकट, जशी आहे तशी. त्या कंबरेसाठी मास्तरांनी फोन केला होता आणि मी ती काढून टाकायला गेले होते.

मास्तरांनी टेप घेतला. माझ्या कमरेभोवती इतक्या हलक्या हाताने धरला की जखमांना लागलासुद्धा नाही. चौतीस. वही उघडली. त्यात साडेतीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"लिहिताना माझ्याकडून चुकलं," ते म्हणाले. "वय झालं."

मी बोलायला हवं होतं. बाहेर दुकानदार आले होते, मालकीणबाई तशाच तरातरा निघून गेल्या. मास्तर खाली बसून माझ्या पायातून पँट सोडवत होते आणि मी त्यांच्या डोक्याकडे बघत गप्प उभी होते.

३ मार्च

मास्तरांना घरी बसवलं. चौतीस वर्षं नोकरी झाली होती त्यांची.

मालकीणबाईंना ऑपरेशनचं आज सांगितलं, एवढं तरी सांगावं म्हणून. तर त्यांचा चेहराच खुलला. "अगं, आधी नाही का बोलायचंस! सूज उतरली की तू जुन्या मापात बसशील. जुनाच मीडियम चालू ठेवू. परत येणारे कपडे येऊ देत. मेच्या पहिल्या आठवड्यात ये."

म्हणजे माझी जागा राहिली. मला जे हवं होतं तेच मिळालं.

मग मी सगळं सांगितलं. टेप, फोन, साडेतीस. म्हटलं, चूक मास्तरांची नाही, माझी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःची म्हणून मान्य केलीय. नवा माणूस सोमवारी येतोय. तू आता ते उकरून काय करणार? तुझं लेकरू लहान आहे."

मी तिथून उठले आणि घरी आले. मला एवढंच जमतं.

६ मार्च

आडवी होऊन फक्त डोकं उचललं. पोट वरून चांगलंच सपाट झालंय, त्यामुळे वरंबा आता जास्त स्पष्ट दिसतो. बेंबीच्या वर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. आत गेली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी गठुड्याला माझ्या कुशीत झोपवलं आणि दिवा घालवला.

९ मार्च

तीन दिवस नंबर लावून कापत होते. आज दुपारी लावला आणि कापला नाही.

"मास्तर, मी मीडियम."

"बोल."

सगळं एका दमात बोलून टाकलं. की मी खोटं सांगितलं, की मला वाटलं तुम्ही मला काढायला निघालात, की मालकीणबाईंना सांगितलं पण उपयोग झाला नाही. ते ऐकत होते. पलीकडे कपबशीचा आवाज आला.

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पाच महिन्यांची बाळंतीण आणि बसल्यावर अर्धाच इंच वाढते? असं अंग मी पाहिलं नाही अजून."

"मग लिहिलंत कशाला?"

"बाईला तिचं माप विचारलं आणि तिने सांगितलं. फोनवर काय तिला खोटं पाडू? म्हटलं, नमुना तुझ्या अंगावर लावताना शिलाई गुपचूप सोडवून घेऊ, कोणाला कळणार नाही. कापड भरपूर ठेवलं होतं आत. पण मालकीणबाईंनी थांबू दिलं नाही."

मी नुसतं "मास्तर, मास्तर" करत होते.

"ते जाऊ दे. मी पट्टा घातलेला बघितला तुझा. टेप लावला तेव्हा शहारलीस." मग चौतीस वर्षं बायकांची मापं घेतलेल्या त्या माणसाने, जे मला महिनाभर नवऱ्याने, डॉक्टरांनी, कोणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "फार दुखतं का गं?"

मी म्हटलं, "नाही." आणि फोन कानाला धरून हमसाहमशी रडत बसले. माझं रडणं थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.